पूर्ण मोबदला : ‘पेड इन फुल’ हा अल्बम, परक्यांचे आवाज आणि रायगडचा किनारा

१/
७ जुलै १९८७ रोजी न्यूयॉर्कच्या दोन तरुणांचा ‘पेड इन फुल’ हा पहिला अल्बम प्रकाशित झाला. एरिक बी आणि राकिम ही त्यांची नावे. आधुनिक मराठी कवितेचा इतिहास सांगताना जसे ‘केशवसुतांपूर्वी’ आणि ‘केशवसुतांनंतर’ असे म्हणावे लागते, तसेच हिप हॉपच्या इतिहासात राकिमबद्दल म्हणतात. किल्ले, बंदरे आणि आरमार यांच्या या मालिकेत हा विषय कोठून आला, असे वाचकांना वाटेल. अल्बमच्या नावाचा अर्थ ‘पूर्ण मोबदला चुकता’. तो कोणाला चुकता झाला, हा आजचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधताना आपण एडनमार्गे अलिबागच्या इस्रायल आळीत आणि तेथून श्रीवर्धनकडील शक्ती-तुऱ्याच्या सामन्यात पोहोचणार आहोत.

२/
प्रथम या दोघांची ओळख. एरिक बी म्हणजे एरिक बॅरियर, क्वीन्स भागातला डीजे, तबकड्या फिरवून गाण्याचा पाया रचणारा. राकिम म्हणजे विल्यम ग्रिफिन, लाँग आयलंडवरील वायनडँच गावचा. जन्म २८ जानेवारी १९६८ चा, म्हणजे अल्बम आला तेव्हा वय अवघे एकोणीस. घरात संगीत होते. प्रसिद्ध गायिका रूथ ब्राऊन ही त्याची मावशी-आत्यांच्या नात्यातली. तो स्वतः सॅक्सोफोन वाजवीत असे आणि जॉन कोल्ट्रेनचे वादन त्याने मन लावून ऐकले होते. पुढे ‘फाइव्ह पर्सेंट नेशन’ या पंथाच्या प्रभावाने त्याने राकिम हे नाव घेतले.

३/
१९८६ साली हार्लेममधील झाकिया या छोट्या कंपनीने त्यांची पहिली तबकडी काढली. तिचे ध्वनिमुद्रण मार्ली मार्ल या डीजेच्या घरगुती स्टुडिओत झाले. ती तबकडी गाजली आणि आयलंड रेकॉर्ड्सच्या ‘फोर्थ अँड ब्रॉडवे’ या शाखेने पूर्ण अल्बम काढायचे ठरवले. अल्बमवर एकूण दहा तुकडे आहेत. त्यांतल्या तिनांत शब्दच नाहीत, आणि काही गाणी आधीच सुट्या तबकडीवर येऊन गेलेली. ऐवज मोजून घेणाऱ्या ग्राहकाला हा सौदा फार किफायतशीर वाटला नसावा. तरीही यातील मोजक्या शब्दबद्ध गाण्यांनी पुढच्या पिढीच्या रॅपची घडण बदलली.

४/
बदल कोणता? त्याआधीचा रॅप बहुतांशी मोठ्या आवाजात, मैदानात आरोळी द्यावी तसा म्हटला जाई. प्रत्येक ओळीच्या शेवटी यमक ठाकठीक बसे आणि श्रोत्याला ते कुठे येणार हे आधीच कळे. राकिम खालच्या पट्टीत, जवळजवळ बोलल्यासारखा म्हणू लागला. त्याचे यमक ओळीच्या मध्येच उगवते, अर्ध्यावर तुटते आणि पुढच्या ओळीत जाऊन पुरे होते. मराठी वाचकाला हे ओळखीचे वाटावे. वामन पंडितांना ‘यमक्या वामन’ म्हणत. मोरोपंतांच्या आर्यांत एकाच ध्वनीचे दोन अर्थ कसे झुलतात हे आपण शाळेत शिकलो. राकिमने तीच हौस सॅक्सोफोनच्या श्वासाला बांधली. वाद्य वाजवणारा दम कुठे घ्यायचा हे जाणतो, आणि त्याच्या ओळींतली विश्रांतिस्थाने तशीच आहेत.

५/
हे झाले शब्दांचे. पण गाण्याचा दुसरा अर्धा भाग, म्हणजे ठेका आणि सूर, या दोघांनी वाद्यवृंद बसवून निर्माण केलेला नाही. जुन्या तबकड्यांतले तुकडे उचलून, कापून, पुन्हापुन्हा फिरवून तो उभा राहिला. यालाच सॅम्पलिंग म्हणतात. ‘आय नो यू गॉट सोल’ हे गाणे बॉबी बर्ड यांच्या १९७१ मधील गाण्यावर उभे आहे. शीर्षकगीतातला ढोल ‘द सोल सर्चर्स’ या वृंदाच्या १९७४ च्या तबकडीतला, तर त्यातली बेसची चाल डेनिस एडवर्ड्स यांच्या १९८४ मधील गाण्यातली. म्हणजे ‘मोबदला चुकता’ असे नाव मिरवणारे गाणे दोन परक्या खांद्यांवर उभे होते.

६/
मुखपृष्ठही याच गोष्टीची साक्ष देते. दोघांच्या अंगावर गुची या इटालियन कंपनीच्या चिन्हांनी सजलेली जाकिटे आहेत, गळ्यात जाड सोन्याच्या साखळ्या आणि मागे नोटांचा पसारा. ती जाकिटे गुचीने शिवलेली नव्हती. हार्लेममधील डॅपर डॅन या शिंप्याने ती स्वतःच्या कल्पनेने शिवली होती. मोठ्या कंपन्यांच्या कायदेशीर कारवायांनंतर १९९२ मध्ये त्याचे दुकान बंद पडले. पुढे २०१७ साली गुचीने त्याच्या जुन्या जाकिटासारखेच एक जाकीट रॅम्पवर आणले, त्यावर टीका झाली, आणि मग कंपनीने त्याच्याशी अधिकृत भागीदारी केली. कोणी कोणाचे उचलले याचा हिशेब एका मुखपृष्ठावर तीस वर्षे चालला.

७/
स्वागत कसे झाले? अमेरिकेच्या बिलबोर्ड मासिकाच्या मुख्य यादीत अल्बम ५८ व्या क्रमांकापर्यंत गेला, कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या संगीताच्या यादीत आठव्या. रॅपसाठी दूरचित्रवाणीवर ‘यो! एमटीव्ही रॅप्स’ सारखा नियमित कार्यक्रम १९८८ मध्ये सुरू झाला. तेव्हा हा अल्बम पसरला तो गाड्यांतल्या टेपांतून, रस्त्यावरच्या मोठ्या कॅसेट प्लेअरमधून आणि हातोहात. दहा लाख प्रतींची ‘प्लॅटिनम’ मोहर त्यावर १९९५ मध्ये उमटली. २००६ साली एमटीव्हीने सर्वकालीन श्रेष्ठ हिप हॉप अल्बमांची यादी केली, तेव्हा याला पहिले स्थान दिले. पहिल्या वर्षीचा ५८ वा क्रमांक आणि एकोणीस वर्षांनंतरचा पहिला क्रमांक, या दोहोंमधल्या काळात अल्बमचे खरे आयुष्य घडले.

८/
यात एक गंमत आहे. जी जोडी इतरांचे तुकडे उचलत होती, तिचाही तुकडा लगेच उचलला गेला. राकिमच्या ‘आय नो यू गॉट सोल’ मधले चार शब्द घेऊन ‘मार्स’ नावाच्या ब्रिटिश मंडळींनी ‘पंप अप द व्हॉल्यूम’ ही तबकडी केली. ऑक्टोबर १९८७ मध्ये ती ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर होती. ते चार शब्दच गाण्याचे शीर्षक झाले. ब्रिटनमधल्या कितीतरी तरुणांनी राकिमचा आवाज प्रथम ऐकला तो असा, दुसऱ्यांच्या नावाच्या तबकडीवर.

९/
त्याच वर्षी लंडनच्या मॅट ब्लॅक आणि जोनाथन मोर या ‘कोल्डकट’ जोडीकडे ‘पेड इन फुल’ या शीर्षकगीताचे नवे रूप करण्याचे काम आले. त्यांनी सात मिनिटांचा एक विलक्षण गोधडीकाम केलेला तुकडा तयार केला. जुन्या स्टिरिओ तबकडीवरचा इंग्रज निवेदक, चित्रपटांतले संवाद, आणि या सगळ्यांतून अचानक वर येणारा एका स्त्रीचा खडा, निर्मळ आवाज. ब्रिटनच्या यादीत हे रूप १५ व्या क्रमांकावर पोहोचले. एरिक बी यांची त्याबद्दलची नाराजी जगजाहीर झाली. मूळ अल्बमवर ते नव्हतेच. पुढच्या आवृत्त्यांत जोडले गेले. तरी युरोपात आणि आपल्या समुद्राकडे हे गाणे ज्या रूपात आले, ते प्रामुख्याने हेच.

१०/
तो स्त्रीचा आवाज ऑफ्रा हाझा यांचा. जन्म १९५७, तेल अवीवच्या हातिक्वा या गरीब वस्तीत, येमेनहून आलेल्या ज्यू कुटुंबात. १९८४ साली त्यांनी येमेनी ज्यूंच्या परंपरागत गीतांचा एक अल्बम केला. त्यातले ‘इम निन्आलू’ हे गीत कोल्डकटने उचलले. त्याचे शब्द सतराव्या शतकातील येमेनी कवी शालोम शबाझी यांचे, भाषा हिब्रू. माणसांच्या औदार्याला असलेली मर्यादा आणि ईश्वराच्या कृपेची अमर्यादता हा त्याचा आशय. या तुकड्यामुळे युरोपने हाझा यांच्याकडे कान वळवले. १९८८ मध्ये त्यांच्या स्वतःच्या आवाजातील ‘इम निन्आलू’ चे नवे रूप पश्चिम जर्मनीत पहिल्या क्रमांकावर गेले.

११/
येमेनी ज्यूंच्या गाण्याची एक रीत येथे सांगण्याजोगी आहे. जेरुसलेमचे मंदिर उद्ध्वस्त झाल्याच्या शोकात त्यांनी वाद्ये वर्ज्य मानली. मग ताल कशावर धरायचा? तांब्याच्या ताटावर आणि पत्र्याच्या डब्यावर. हाताशी आहे त्या वस्तूतून ठेका काढण्याची ही युक्ती ब्रॉन्क्सच्या पोरांनाही उमगली असती. वाद्य परवडत नाही म्हणून त्यांनी तबकडी फिरवणाऱ्या यंत्राचेच वाद्य केले.

१२/
आता नकाशा पाहू. एडनहून पावसाळी वाऱ्यांवर निघालेले गलबत जेथे पोहोचे, त्या पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांत चौल हे फार जुने. दहाव्या शतकाच्या आरंभी अल-मसूदी या अरब प्रवाशाने चौल, म्हणजे त्याचे ‘सैमूर’, पाहिले होते. घोडे, कापड, मसाले यांची ये-जा शतकानुशतके चालली. पुढे १८३९ मध्ये इंग्रजांनी एडन घेतले, आणि १९३२ पर्यंत त्याचा कारभार मुंबई सरकारकडे होता. एडन आणि अलिबाग यांचा कारभार जवळजवळ शतकभर एकाच दप्तरातून चालत होता, ही गोष्ट आपण पार विसरून गेलो आहोत.

१३/
या दप्तरातले एक पान आपल्या बेने इस्रायलींचे आहे. नवगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, त्यांचा हा वंश, अशी त्यांची परंपरा सांगते. तेल गाळणे हा त्यांचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटले. इंग्रजी अमदानीत त्यांच्यातले अनेक मुंबई इलाख्याच्या पलटणींत गेले. १७९६ मध्ये सॅम्युअल दिवेकर यांनी मुंबईत पहिले सिनेगॉग बांधले. मस्जिद बंदर हे नाव त्याच ‘मशिदी’ वरून पडले, असे सांगतात. अलिबागच्या इस्रायल आळीतले ‘मागेन अबोथ’ आणि रेवदंड्याचे ‘बेथ एल’ ही सिनेगॉगे आजही उभी आहेत.

१४/
येमेनी ज्यूंची आणि बेने इस्रायलींची परंपरा एकच आहे, असे म्हणण्याचा माझा हेतू नाही. उच्चार वेगळे, चाली वेगळ्या, इतिहास वेगळा. दोन्ही एकाच समुद्राच्या दोन तीरांवर वाढल्या, इतकेच. म्हणून तो समुद्र ओलांडून ‘पेड इन फुल’ आमच्या गावी कसा आला, ते सांगतो.

१५/
श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड या भागातल्या घरटी एखाद्या माणसाची नोकरी आखातात किंवा जहाजावर असे. टेपरेकॉर्डर, अत्तर, ब्लँकेट आणि कॅसेट ही त्यांच्या पेटीतली ठरलेली भेट. १९८९ च्या सुट्टीत आमच्या शेजारचे चाचा, जे मालवाहू जहाजावर होते, एक रेकॉर्ड केलेली कॅसेट घेऊन आले. तिच्या कागदावर नाव, गाव काही नव्हते. मध्येच हे गाणे येई. पुरुषाचे इंग्रजी बोलणे आम्हा मुलांना कळत नसे; त्या स्त्रीचा आवाज मात्र सारी आळी थांबून ऐके. ‘अदनकडची बाई दिसते,’ एवढेच चाचा म्हणत. अजाणता ते खरे ठिकाणाच्या किती जवळ होते!

१६/
कॉलेजसाठी मी अलिबागला आलो तेव्हा ती कॅसेट बरोबर होती. इस्रायल आळीत एका वृद्ध गृहस्थांकडे मी मोडी वाचायला शिकायला जात असे. एकदा त्यांना ती ऐकवली. त्यांनी डोळे मिटून ऐकले आणि म्हणाले, ‘अरे, ही तर आमची प्रार्थनेची भाषा. घशातून काढलेले हे उच्चार येमेनवाल्यांचे.’ मग थोडे थांबून म्हणाले, ‘आमचीही गाणी होती. मराठीत होती. ती कोण अशी वाजवणार?’ त्या प्रश्नाने मला बेने इस्रायलींच्या कीर्तनांकडे नेले.

१७/
१८८० च्या सुमारास मुंबईतील बेने इस्रायलींनी कीर्तनाची परंपरा स्वीकारली. अब्राहम, योसेफ, मोशे, एस्तेर यांची आख्याने त्यांनी ओवी, आर्या, साकी, दिंडी, अभंग अशा अस्सल मराठी वृत्तांत बांधली. बेंजामिन शिमशोन अष्टमकर, डेव्हिड हाइम दिवेकर ही त्या कर्त्यांची नावे. हे रूप त्यांनी हिंदू कीर्तनकारांकडून घेतले, उघडपणे घेतले, आणि पुस्तकांवर स्वतःची नावे घालून छापले. दुसऱ्याच्या परंपरेतला साचा आणि आपल्या परंपरेतली कथा यांची ही जोडणी शंभर वर्षे आधीची. जातकुळी मात्र ‘पेड इन फुल’ चीच.

१८/
अष्टमकर हे नाव अष्टमी गावचे. दिवेकर दिव्याचे, नवगावकर नवगावचे, किहीमकर किहीमचे, पेणकर पेणचे. १९४८ नंतर या समाजातले बहुसंख्य लोक इस्रायलला गेले. घरे विकली, घाणे तर केव्हाच थांबले होते. पण गावांची नावे त्यांनी आडनावांतून नेली. आज नेगेवच्या वाळवंटातल्या एखाद्या वसाहतीत दारावरच्या पाटीत रायगड जिल्ह्यातले खेडे सापडते. तेथे ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिकही निघाले. माणूस दूर गेला तरी मूळ कुठले ते कळावे, अशी सोय नावात असते. आवाजाला मात्र आडनाव नसते. तो तबकडीवरून उचलला की कुठला आणि कोणाचा हे पुसले जाते.

१९/
आपल्या जुन्या कवींना हा धोका कळला होता. म्हणून त्यांनी नाव रचनेबाहेर ठेवले नाही, आतच विणले. तुकोबांच्या, नामदेवांच्या, जनाबाईंच्या अभंगातली शेवटची नाममुद्रा आठवा. शबाझींनीही आपल्या अनेक कवितांत कडव्यांच्या आद्याक्षरांतून स्वतःचे नाव गुंफले. आणि रॅपर? तो तर दर चार ओळींनी स्वतःचे नाव घेतो. शिष्ट माणसाला त्यात बढाई दिसते. मला त्यात नाममुद्रा दिसते. ज्यांच्या पूर्वजांची नावे मालकांनी बदलली, त्या समाजातला कवी ‘हे मी म्हणतो आहे’ असे बजावून सांगतो, यात नवल नाही.

२०/
आमच्या दक्षिण रायगडात हीच रीत शक्ती-तुऱ्यात आहे. तुकनगीर आणि शाहअली या दोन साधूंपासून ही परंपरा निघाली, असे सांगतात. तुरा शिवाचा, कलगी शक्तीची. गौरी-गणपतीत दोन शाहीर समोरासमोर उभे राहतात; पूर्वी परळच्या दामोदर नाट्यगृहातही चाकरमान्यांसमोर असेच उभे राहत. गण होतो, गवळण होते, मग सवाल-जवाब. पायांत चाळ, हाताशी ढोलकी आणि झांज, भोवती रिंगण धरून नाचणारी पोरे. एकाने कोडे घालायचे, दुसऱ्याने त्याच चालीत उत्तर द्यायचे. रचनेच्या शेवटच्या कडव्यात गुरूचे घराणे, गाव आणि शाहिराचे नाव येते. नाव न घेता गाणे संपवले तर समोरचा शाहीरच टोकतो : ‘कुणाची वही वाचतोस?’

२१/
माझे वडील असे शाहीर होते. त्यांच्या सात वह्या घरी आहेत. काही वर्षांपूर्वी विसर्जनाच्या मिरवणुकीत डीजेच्या गाडीवरून एक गवळण आली. ठेका नवा, आवाज नवा, ढोलकीच्या जागी छातीत बसणारा बेस. आई ओटीवर उभी होती. म्हणाली, ‘चाल जरा बदललीय, पण शब्द ह्यांचेच.’ शोध घेतला तेव्हा ते गाणे इंटरनेटवर सापडले. हजारो लोकांनी ऐकलेले. खाली लिहिले होते : ‘गीत – पारंपरिक.’ त्यांनी मुखडा आणि पहिले कडवे घेतले होते. वडिलांचे नाव शेवटच्या कडव्यात होते.

२२/
‘पारंपरिक’ हा शब्द मला त्या दिवसापासून खटकतो. रायगडच्या किनाऱ्यावरील कितीतरी कोळीगीते, धवळे आणि गवळणी या एका शब्दाखाली गाडल्या गेल्या आहेत. पुष्कळदा खरोखरच कर्ता सापडत नाही. तेथे तो शब्द प्रामाणिक आहे. पण कर्त्याची मुलेबाळे जिवंत असताना, वही शाबूत असताना, तो शब्द म्हणजे न विचारण्याची सवलत होते. मी त्या गाण्याच्या मुलांना वहीच्या पानाचे छायाचित्र पाठवले. उत्तर आले, ‘काका, आम्ही तर आजोबांकडून ऐकलेलं.’ तेही खोटे नव्हते. त्यांच्या आजोबांनी ते माझ्या वडिलांकडूनच ऐकले असणार.

२३/
अमेरिकेत हा प्रश्न न्यायालयात गेला. ‘पेड इन फुल’ आला तेव्हा सॅम्पलिंगचे नियम ठरलेले नव्हते. डिसेंबर १९९१ मध्ये गिल्बर्ट ओसुलिव्हन यांच्या गाण्याच्या तुकड्यावरून रॅपर बिझ मार्की यांच्याविरुद्ध निकाल लागला, आणि त्यानंतर प्रत्येक तुकड्यासाठी परवानगी व पैसे ही रीत पडली. यात जुन्या कलावंतांचे भले झाले. पण ज्यांच्याकडे भांडवल नाही अशा नवख्या पोरांच्या हातून ते साधन बरेचसे निसटले, हेही खरे. कायद्याने हिशेब लागला, तरी तो दोन्ही बाजूंना सारखा लागला असे म्हणता येत नाही.

२४/
या हिशेबात एक मराठी आवाजही आहे. २००२ साली ट्रुथ हर्ट्स या गायिकेचे ‘अ‍ॅडिक्टिव्ह’ हे गाणे अमेरिकेत पहिल्या दहांत गेले. त्यात रॅपर म्हणून राकिम होता, आणि गाण्याचा पाया होता ‘ज्योति’ (१९८१) या हिंदी चित्रपटातील लता मंगेशकरांच्या गाण्याचा. संगीत बप्पी लाहिरींचे. परवानगी घेतलेली नव्हती. खटले झाले, आणि लाहिरींच्या श्रेयाचा उल्लेख केल्याखेरीज तो अल्बम विकू नये असा आदेश लॉस एंजेलिसच्या न्यायालयाने दिला. म्हणजे १९८७ मध्ये राकिमच्या शब्दांशेजारी येमेनी परंपरेतला आवाज, आणि पंधरा वर्षांनी मंगेशीच्या गावाचे नाव आडनावात वागवणारा आवाज. दोन्ही वेळी अमेरिकेतल्या सामान्य श्रोत्याला गाणारी कोण हे माहीत नसणार.

२५/
त्या जोडीचा आपसातला हिशेबही साधा राहिला नाही. चार अल्बमांनंतर, १९९२ च्या पुढे, करार आणि स्वतंत्र कामाच्या वादांतून दोघे वेगळे झाले. पहिल्या ध्वनिमुद्रणांचे संगीत नेमके कोणी रचले, यावर मार्ली मार्ल आणि एरिक बी यांची विधाने आजही जुळत नाहीत. २०१७ च्या जुलैमध्ये, अल्बमला तीस वर्षे पूर्ण झाली तेव्हा, हार्लेमच्या अपोलो नाट्यगृहात ते पुन्हा एकत्र उभे राहिले. तबकडीवर दोघांचे नाव शेजारी-शेजारी छापलेले असते. त्या दोन नावांमधल्या ‘आणि’ या शब्दात काय काय दडलेले असते, ते छापलेले नसते.

२६/
मग परक्याचे घ्यायचेच नाही काय? असे मी म्हणणार नाही. मोरोपंतांनी महाभारत घेतले, बेने इस्रायलींनी कीर्तन घेतले, माझ्या वडिलांनी नाटकांतल्या चाली बेधडक घेतल्या. राकिमच्या गाण्याखाली तो जुना ढोल नसता तर त्याचे शब्द तसे चालले नसते. घेण्याच्याही रीती असतात, एवढेच. २०१९ साली मुंबईच्या ‘स्वदेशी’ या रॅपर मंडळाने आरेच्या जंगलासाठी ‘द वारली रिव्होल्ट’ हे गाणे केले. त्यात आरेतील आदिवासी कार्यकर्ते व लोककलावंत प्रकाश भोईर स्वतः गातात, आणि त्यांचे नाव गाण्याच्या शीर्षकाशेजारी आहे. वारली संगीताचा तुकडा तेथे ‘पारंपरिक’ झाला नाही. तो उचललेला नव्हता. गाणारा माणूस स्वतः तेथे आला होता.

२७/
आमच्या गवळणीचे पुढे काय झाले? त्या मुलांनी गाण्याखाली एक ओळ वाढवली. वडिलांचे नाव, गाव आणि गुरूचे घराणे. पैशांचा विषय मी काढला नाही, त्यांनीही काढला नाही. आईला मी मोबाइलवर ती ओळ दाखवली. तिने दोनदा वाचून घेतली आणि विचारले, ‘हे पुसलं जात नाही ना?’ तिला देण्यासारखे उत्तर माझ्याकडे नव्हते. इंटरनेटवरचे काहीही पुसले जाऊ शकते.

२८/
नाव म्हणजे पूर्ण मोबदला, असे मी मानत नाही. तो पहिला हप्ता आहे. पैसा, परवानगी, हक्क हे पुढचे हप्ते, आणि ते मागण्यासाठी आधी नाव लागते. बॉबी बर्ड, ऑफ्रा हाझा, बप्पी लाहिरी यांच्याकडे निदान छापील तबकडी होती. रायगडच्या बहुतेक शाहिरांकडे, धवलारणींकडे आणि त्या इस्रायल आळीतल्या कीर्तनकारांच्या वारसांकडे वह्या आहेत, त्याही वाळवीच्या तोंडाशी.

२९/
म्हणून धागा संपवताना वाचकांना एक विनंती. तुमच्या गावात जे गाणे ‘पारंपरिक’ म्हणून वाजते, त्याचे शेवटचे कडवे कोणाला आठवते का, हे घरच्या थोरांना विचारा. त्यात नाव सापडले तर खाली लिहा : शाहिराचे किंवा गाणारणीचे नाव, गाव, घराणे, आणि ऐकल्याचे साधारण वर्ष. नाव सापडले नाही तर ज्यांच्याकडून ऐकले त्यांचे गाव लिहा. या महिनाअखेर सर्व नोंदी गावांनुसार लावून येथेच, या धाग्याखाली, ठेवीन.